बेवारस कळ

देवरुखला डॉक्टर मुळ्यांच्या दवाखान्यात आजार स्वतःच येऊन नंबर लावतात. माणसांना कामधंदे असतात, आजारांना कुठे असतात? रिसेप्शनवर हेमांगी लाड गेली अकरा वर्षं बसते आणि तिच्यापुढे भल्याभल्यांची डाळ शिजत नाही. परवा एका मूळव्याधीनं ओळख सांगून मध्ये घुसायचा प्रयत्न केला. हेमांगीनं तिला बाकावर बसायला सांगितलं. बसवत नाही म्हणाली, तर उभी राहा म्हणाली.

नव्या आजाराला नियम एकच. मालकाला फोन लावायचा आणि "हो, माझाच" असं त्याच्याकडून वदवून घ्यायचं. तो नाही म्हणाला तर आजार बेवारस ठरतो. बेवारस आजाराला दुपारी एकला, दवाखाना बंद होताना, तसाच परत धाडतात. औषधबिवषध काही मिळत नाही.

त्या दिवशी साडेबाराला छातीतली एक कळ आली. डाव्या बाजूची, बोलायला अदबशीर.

"नाव?" हेमांगीनं मान वर न करता विचारलं.

"सुलभा दत्ताराम खातू. वय अडुसष्ट."

हेमांगीचं पेन थांबलं. सुलभा खातू म्हणजे तिची आई.

"कधीपासून?"

"चैत्रापासून. जिना चढला की असते मी. बाई कुणाला सांगू देत नाहीत. लेक रजा टाकून बसेल म्हणतात. आता त्यांचा जरा डोळा लागला, तेवढ्यात निघाले."

कालच आईनं दोनदा गच्चीवर जाऊन हेमांगीला सांडगे बांधून दिले होते. आणि तिनं ते हसत हसत घेतले होते.

तिनं फोन लावला. "दवाखान्यातून बोलतेय. छातीतली कळ आलीय. तुमची का?"

"कोण, हेमू? छे गं! मला काय धाड भरलीय? दुसऱ्या कुणाची असेल, बघ नीट." फोन बंद.

हेमांगी आत गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं कुणासाठी शब्द टाकला.

"मालकीण नाही म्हणते ना?" डॉक्टर म्हणाले. "मग मी हात कसा लावू?"

त्यांचंही बरोबरच होतं. एकला पाच मिनिटं होती. कळ निमूट उठून दाराशी गेली. हेमांगीनं पुन्हा फोन लावला.

"आई, तिला परत पाठवतेय."

"पाठव की. मला कशाला सांगतेस?"

"तुझ्याकडेच येणार ती." हेमांगी दाराकडे बघत म्हणाली. "चालत."

"चालत? या उन्हात?"

"आलीसुद्धा चालतच."

"एवढा चढ चढून? काही खाल्लंय का तिनं?"

हेमांगीनं विचारलं. कळेनं नकारार्थी मान हलवली.

"सकाळपासून काही नाही."



"अगं, मग बसव तिला! पाणी दे! उपाशी कुणाला दारातून घालवतात होय?" आई एकदम ओरडली. मग हळूच म्हणाली, "माझीच आहे ती. साडी बदलते नि निघते. डॉक्टरांना जाऊ देऊ नकोस."

"रिक्षानं ये गं," हेमांगी डोळे पुसत म्हणाली, आणि तिनं कळेपुढे पाण्याचा तांब्या ठेवला.