मंगळवार, दहा वाजून चाळीस

नूतनने माउसने स्वयंपाकघर जरासं वळवलं आणि सबंध स्वयंपाकघर गायब झालं. ओटा, कपाटं, चिमणी, सगळं. पडद्यावर नुसता निळा रंग उरला.

"अकरावी ट्रिप," गुलाबराव म्हणाले आणि त्यांनी रजिस्टरात वेळ लिहिली.

चौतीस वर्षं त्यांनी रोलिंग मिलच्या कंट्रोल रूममध्ये काढली होती; तिथे यंत्र अचानक बंद पडलं की त्याला ट्रिप म्हणत. निवृत्तीनंतर नेहरू नगरच्या घरातही त्यांच्या रजिस्टरात नोंद झाल्याशिवाय काही बिघडत नसे. दोन दिवसांपासून सुनेचा, नूतनचा, घरांचे नकाशे काढायचा प्रोग्रॅम असा मरत होता. नकाशा काढेपर्यंत शहाण्यासारखा वागे. खोली फिरवून दाखवायची म्हटली की संपला. आणि आज, गुरुवारी, चार वाजता मोहन नगरच्या जया मॅडम आपलं नवं स्वयंपाकघर फिरवून बघायला येणार होत्या. नूतनचं हे पहिलं स्वतंत्र काम.

गुलाबरावांनी चौकशी हाती घेतली. निवृत्तीच्या दिवशी मिलमधल्या पोरांनी आठवण म्हणून दिलेला लाल टॅग त्यांनी सीपीयूला बांधला: 'काम चालू आहे. हात लावू नये.' मग इन्व्हर्टर बंद केला. बारावी ट्रिप. टेबलफॅन सीपीयूवर रोखला. तेरावी. शेवटी त्यांना उदबत्तीच्या धुराचा संशय आला आणि त्यांनी देव्हारा आतल्या खोलीत न्यायचा प्रस्ताव मांडला.

"देव हलनार नाई," त्यांच्या पत्नी तुळसाबाई म्हणाल्या. "तुमीच कंप्यूटर घेऊन छतावर जा."

एव्हाना नूतनने प्रोग्रॅम टर्मिनलच्या काळ्या खिडकीतून सुरू केला होता, म्हणजे मरण्याआधी तो कारण तरी सांगून जाईल. त्याने सांगितलं: पडद्यावर चित्र उमटवणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर. तिने इंटरनेटवरून त्याहून नवा ड्रायव्हर उतरवला, कंप्यूटर पुन्हा चालू केला आणि आता सगळा पडदाच काळा झाला. इतका वेळ फक्त स्वयंपाकघर जात होतं. आता घरदार गेलं.

'पूर्ण शटडाउन, २.३५,' गुलाबरावांनी लिहिलं. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "बेटा, आधी चालत होतं ना, मंग मधात काय बदललं, हे पयले पाहा लागते."

हे मात्र नूतनला पटलं. तिने कंप्यूटर नुसत्या अक्षरांवर सुरू केला. कंप्यूटर चालवणारा लिनक्सही प्रत्येक बदलाची वेळ लिहून ठेवतो हे कळल्यावर गुलाबरावांचा ऊर भरून आला. असा शिस्तीचा गडी त्यांना उभ्या मिलमध्ये भेटला नव्हता.

"ड्रायव्हर बदलला मंगळवारी, दहा चाळीसले," नूतन म्हणाली. "माझ्या नावानं. पन मी तवा साइटवर होती."

"म्हणजे कोनीतरी हात मारला," गुलाबराव उठून उभे राहिले. "आता सापडते." त्यांनी रजिस्टर उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतलं, "मंगळवार, दहा चाळीस..."



"वाचा ना," तुळसाबाई म्हणाल्या. "कावून थांबले?"

गुलाबरावांनी चष्मा पुसला. रजिस्टराशी बेइमानी त्यांना जमणारी नव्हती. "नूतनच्या कंप्यूटरवर पेपर वाचताना चौकट आली. पासवर्ड मागितला. दिला. 'होय' दाबून ॲकनॉलेज केले. सही, गुलाबराव."

 टेबलफॅन फिरत होता.

"चौकट आली त दाबा लागते," ते हळूच म्हणाले. "नाई दाबली त मिलमधी भोंगा वाजत राह्यते."

"बाबा, वाचली होती का?"

"अलार्म वाचत बसलो असतो त मिल कवा चालली असती?"

"मले वाटलंच," तुळसाबाई म्हणाल्या, "चौतीस वर्षं मिल देवच चालवून राहिला होता. अन् त्यालेच हलवाले निघाले."

नूतन हसता हसता खुर्चीवरून घसरली. मग डोळे पुसून तिने दोन्ही नवे ड्रायव्हर काढले, जुना परत बसवला. पावणेचारला पडदा उजळला. स्वयंपाकघर एक पूर्ण गिरकी घेऊन जागेवर आलं.

'कारण: ऑपरेटर,' गुलाबरावांनी लिहिलं. 'उपाय:' इथे पेन बराच वेळ अडलं.

चार वाजता जया मॅडम आल्या. स्वयंपाकघर तीनदा फिरवून बघितलं, चिमणी हातभर डावीकडे सरकवायला सांगितली आणि काम पक्कं केलं. उठताना त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेलं. तिथे गुलाबराव दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ताठ बसले होते. शर्टाच्या गुंडीला लाल टॅग लटकत होता.

त्याच वेळी पडद्यावर एक चौकट उगवली.

मांड्यांखाली बोटं वळवळली. गुलाबरावांनी डोळे घट्ट मिटले.

"नूतन, चौकट आली. तू पाह्य," ते म्हणाले. "मी शटडाउनवर हाओ."