माझ्या माडावरचा पट्टा

बावतीस मला न विचारता माझ्या माडांवर चुन्याचे पट्टे ओढायचा. माड माझे, वाडी माझी, आणि पट्टे ह्याचे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या नंदाखाल गावचाच हा माणूस, जन्मभर बोटीवर होता. निवृत्त होऊन आला तो डोक्यात खूळ घेऊन. उत्तरेकडं कुठल्याशा थंड देशात समुद्राएवढी तळी आहेत म्हणे. त्यांच्या काठानं जंगलातून वाट जाते. लोक पाठीवर बिऱ्हाड बांधून पंधरा-पंधरा दिवस चालतात, आणि चुकू नये म्हणून झाडांवर पांढरे पट्टे असतात. ह्यानं तसली वाट आमच्या तळ्यापासूनच्या जुन्या पायवाटेवरच काढली. संपायची कुठं? ह्याच्याच दारात. सगळी मिळून दहा मिनिटांची. तेवढ्यासाठी पायात गुडघ्यापर्यंत बूट, पाठीवर पिशवी, पिशवीत पाव, छत्री आणि शिट्टी. तिकडं अस्वलं असतात, शिट्टी लागते, म्हणायचा. इथं अस्वल कुठलं? इथं मी होतो.

मी चार यत्ता शिकलेला, पण माझं झाड ते माझं. दोनदा बजावलं. तर म्हणतो, "ट्रेल हाय ती, तात्या. ट्रेलला मालक नसतो."

माझं डोकं फिरलं. जिथं वाट दोन बाजूंना फुटते, तिथल्या माडावरचा पट्टा मी कोयत्यानं खरवडून काढला. वर गावभर सांगत सुटलो, येडा झालाय तो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको रेजिन त्याच माडाखाली उभी. काखेत धुतलेल्या कपड्यांचं ओलं बोचकं, दुसऱ्या हातानं खोड चाचपतेय. मी खेकसलो, काय पाहिजे?

"घर कुठं गेलं?" ती म्हणाली.

तिचं घर तिथून दिसत होतं. चाळीस वर्षं ती ह्याच वाटेनं तळ्यावर जात होती.

तिला नेऊन पोचवली आणि बावतीसला दारातच धरला. तोंड नव्हतं का तुला सांगायला? तो बोचकं सोडून कपडे वाळत घालायला लागला. धुणं एकटीनंच धुवायचं हा तिचा हट्ट, आणि तो त्याला मोडवत नव्हता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "तिला कुनी येडी म्हनायला नको, तात्या. मला म्हनतात, चालतंय."

आता दोघंही नाहीत, म्हणून लिहितोय. राग अजून आहे. भिंतीला भिंत लागून राहत होतो आम्ही, मला सांगता आलं असतं.

त्याच संध्याकाळी पट्टा मी ओढला. चुना मागायला त्याच्या दारात गेलो नाही. घरचाच कालवला.