बसाप्पांचा बैल आणि दोन वर्तमानपत्रं

बसाप्पा वर्तमानपत्र वाचत नसत, त्याच्याशी भांडत. अणदूरला त्यांचं किराणा दुकान, शेजारी माझं शिवणकाम. निजामाचं राज्य संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. त्यांच्याकडं हैदराबादचं उर्दू पत्र उघड यायचं आणि सोलापूरचं मराठी पत्र पेंडीच्या पोत्यातून लपून. पहिलं ते दुकानाच्या पायरीवर मोठ्यानं वाचत. दुसरं आत दार लावून, पण तेवढ्याच मोठ्यानं.

हैदराबादवालं ‘मुलुखात अमन आहे’ म्हणालं, की बसाप्पा त्याला विचारत, "अमन म्हंजी कोण गप बसलंय? नाव सांग की." सोलापूरवालं ‘सारी जनता खवळली’ म्हणालं, की, "सारी? तू घरोघर जाऊन आलास व्हय?" तोवर मीठ मागणारं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलेलं असे.

मग एकदा आमच्याच गावाची बातमी आली. घडलं होतं एवढंच. तेरखेड्याचे फटाके विकणारे म्हातारे महादूबाबा बाजारात चिलीम पेटवायला गेले आणि ठिणगी पाटीत पडली. फटाके उडाले. बसाप्पांचा बैल दावं तोडून उधळला आणि त्याच्या पुढं अख्खा बाजार धावला, शिपायांसकट. चावडीपुढचा सरकारी झेंडा बैलाच्या शिंगांत अडकला. तो मिरवत बैल गावभर फिरला.

हैदराबादवाल्यानं छापलं, ‘शरपसंदांचा चावडीवर हल्ला’. शरपसंद म्हणजे दंगेखोर. सोलापूरवाल्यानं छापलं, ‘अणदूरच्या वीरानं झेंडा उपटला’. बसाप्पा दोन्ही पत्रं घेऊन गोठ्यात गेले आणि बैलालाच विचारू लागले, की बाबा, तू नक्की कोण? बैलानं एका पत्राचा कोपरा खाल्ला. कुठल्या पत्राचा, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

गाव हसत होतं तोवर जमादार आला. पेपरात दंगेखोर आहेत म्हणजे गावात असणारच, असं त्याचं म्हणणं. बसाप्पांनी बैल दाखवला. बैलाला बेड्या बसत नाहीत, असं म्हणून जमादारानं बसाप्पांच्या ओसरीकडं पाहिलं. हात भाजल्यामुळं महादूबाबा तिथंच मुक्कामाला होते. दारू यांची, स्फोट यांचा, जमादार म्हणाला. म्हातारा भिंत धरून उभा राहिला.

बसाप्पा मध्ये आले. "लिहा. बैल म्या सोडला. मुद्दाम सोडला. म्होरक्या म्हणून माझं नाव घाला."

एका ‘सारी’वरून तासभर भांडणारा माणूस, आणि हे धडधडीत खोटं.

त्यांना तालुक्याला नेलं. निजामाचं राज्य गेलं तेव्हा सुटून आले, पार वाळून. सोलापूरच्या पत्रानं त्यांना ‘अणदूरचा सिंह’ म्हटलं होतं. त्यांनी त्या कागदात गूळ बांधला. मी विचारलं, "अप्पा, एवढं खोटं कसं बोलवलं तुम्हाला?"

त्यांनी गुळाच्या पुडीवर सुतळी गुंडाळली.

"म्हाताऱ्याला कापरं भरलं होतं," म्हणाले. "त्यो खाली पडायच्या आत कायतरी बोलायला पायजे होतं."