भट्टीला पोतेरं

आप्पांच्या तेराव्याच्या सकाळी नवनीतने भट्टीचं बटण दाबलं आणि भट्टी घशात घास अडकल्यासारखी घरघरली. ओट्यावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. बारा दिवसांपूर्वी याच घरात त्यांनी असाच आवाज ऐकला होता.

भट्टी पेलेटची. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, भुसा दाबून केलेल्या बोटभर गोळ्या वरच्या डब्यात भरायच्या. खालचा स्क्रू त्या थोड्या थोड्या जाळात ढकलतो, पंखा फुंकतो, आणि आत डोकावणारी एक कांडी ताप मोजून सांगते, बस की अजून दे. ब्राह्मणपुरी गावात पूर्वी भरताची वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजत. आता शेतातली पऱ्हाटी ट्रॅक्टर भरून जाते आणि गोळ्या होऊन गोणीतून परत येते. आपलीच काडी आपणच विकत घ्यायची, याला गावात प्रगती म्हणतात.

कापसाची जिनिंग गिरणी बंद पडली तेव्हा तिथल्या फिटर नवनीतने ही भट्टी आणली. लग्नाकार्याची भरताची कामं घ्यायची म्हणून. तीन वर्षांत कामं आली चार. आप्पा, म्हणजे त्याचे वडील सुकलाल पाटील, येणाऱ्या-जाणाऱ्याला भट्टी दाखवत आणि म्हणत, "हाई भट्टी नही, लोखंडनी म्हैस शे. चारा खास, दूध देस नही."

आप्पा गेले. सुरतेहून नवनीतचा मोठा भाऊ ललित आला. बापाचं दहावं व्हायच्या आत त्याने अंगण मोजलं. त्याची गाडी बसत नव्हती. मध्ये भट्टी होती. आप्पांना भरीत आवडायचं, तेव्हा तेराव्याला भरीत होणारच होतं. ललितने चार नातेवाइकांसमोर तोडगा काढला.

"अडीचशे मानसंस्नं भरीत हिन्हावर कर. जमनं तं भट्टी ऱ्हाई. नही जमनं तं उद्या भंगारवाला यी. मंजूर?"

नवनीत मंजूर म्हणाला. त्याच्याकडे दुसरा धंदा नव्हता आणि भट्टी ठेवायला दुसरी जागा नव्हती.

आता त्याने डब्याचं झाकण उघडलं. काल कोरड्या भरलेल्या गोळ्यांची रात्रीतून पेज झाली होती, आणि तळाशी ती पेज सिमेंटसारखी बसली होती.

"कोन्ही पानी टाकं आठे?"

"मी," त्याची आई भिकुबाई म्हणाली. तिच्या आवाजात अपराध नव्हता, थकवा होता. "काल सुतक फिटनं ना. घरमानी बठ्ठी वस्तू धोई. पाटा धोया, शिलाई मशीन धोई, टीव्हीवर गोमूत्र शिंपडं. मंग हाईच का बाटेल ठेवू?"

"माय, पोटमा पानी टाकं तू तिन्हा!"

"मंग वरवर धोईसन सुतक फिटस का? आनि चूल शे ना ती? चूलले पोतेरं देवाच लागस. मधमाबी दिधं. चांगलं शेन-मातीनं."

आईवर ओरडायचं कसं? तेरा दिवसांची विधवा. बारा दिवसांत तिला कोणी जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं, पण शुद्धी झाली का, हे मात्र प्रत्येकाने विचारलं होतं. नवनीत गुडघ्यावर बसला आणि पळीने लगदा खरवडू लागला. ललित खुर्चीत बसून चहा पीत होता. मध्येच तो उठला.

"आसं खरडीसन दुपार व्हई जाई. जरा जोर देवाले लाग." आणि त्याने बटण दाबलं.

कट्ट.

"काय तुटनं?"

"पिन," नवनीत म्हणाला.

स्क्रू आणि मोटार यांना जोडणारी ती पिन मुद्दाम कच्च्या धातूची करतात. अडकलं की ती तुटते, म्हणून मोटार वाचते. प्रत्येक घरात अशी एक कच्ची पिन असते. घरचे तिला नालायक म्हणतात.

"खिया ठोक तठे," ललित म्हणाला.

"खिया तुटाव नही, मोटार जयी."

"तू फिटर शे की ज्योतिषी? लोके यी ऱ्हायनात!"

लोक खरंच येत होते. पांढऱ्या टोप्या मंडपात बसू लागल्या होत्या. बारा वर्षांचा अनुभव असलेला फिटर घाबरला आणि त्याने खिळा ठोकला. दोन मिनिटांत मोटार तापली, जळकट वास सुटला. वांग्यांना चिरा देऊन तेल लावत बसलेल्या त्याच्या बायकोने, चेतनाने, तेलकट हातानेच प्लग उपसला.

"जेठजींनी गाडी बिघडी तं तिलेबी खियाच ठोकतस का?" ती नवऱ्याला म्हणाली, पण आवाज मोठ्या दिरापर्यंत जाईल असा.

नवनीतने खिळा उपटला. स्क्रू बाहेर काढला, नळी कोरडी पुसली, ॲल्युमिनियमच्या जाड तारेचा तुकडा पिनेच्या जागी बसवला आणि नवी गोणी फोडली. भट्टी पेटली. वांगी चढली. त्याने कपाळ पुसलं.

भट्टी मात्र गोळ्या खातच राहिली. जाळ वाढला तरी आकडा वर सरकेना. आईने ताप मोजणाऱ्या कांडीलाही शेण-मातीचा जाड लेप दिला होता. आत वणवा लागला होता आणि कांडी सांगत होती, थंडी आहे, अजून दे. वांग्यांचं तेल खालच्या ताटलीत गळत होतं. ती ताटली चौथ्या कार्यानंतर नवनीतने धुतली नव्हती. सगळं घर धुणाऱ्या आईला तीच तेवढी दिसली नव्हती.

भडका मंडपाच्या कनातीएवढा उठला. मागे आप्पांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स बोर्ड होता. आधी खालचं 'शोकाकुल' वितळलं, मग मोठ्या अक्षरांतलं 'ललितभाऊ, सुरत' गुंडाळत वर गेलं. कोपऱ्यातलं बारीक 'नवनीत' तेवढं राहिलं.

"पानी आना! पानी!" ललित ओरडला.

"पानी नको! तेल शे!" नवनीत त्याहून मोठ्याने ओरडला. मोठ्या भावावर तो जन्मात पहिल्यांदाच ओरडला होता. त्याने झाकण आदळलं, वीज तोडली. कोंडलेला जाळ धुसफुसत मेला. मग त्याने ताटली रिकामी केली, कांडी घासून लख्ख केली आणि भट्टी पुन्हा लावली. वांगी वरून कोळसा आणि आतून लोणी झाली होती. भरताला हवी असतात तशीच.

पंगत बसली. भरीत वाढलं गेलं. लोक खाली मान घालून जेवले. नवनीत भांडं घेऊन ओळीतून फिरत प्रत्येकाचं तोंड बघत होता. दोन-दोनदा मागून घेत होते, पण मुकाट. शेवटची पंगत उठली तेव्हा भरताचं पातेलं जवळजवळ रिकामं झालं होतं. तळाला एका माणसापुरतं उरलं होतं.

ललितने त्याला कोपऱ्यात घेतलं. "ऐकं का काही? अडीचशे मानसं जेवनात. एकनी तरी 'चांगलं शे' म्हनं?"

"दादा, तेरावाना जेवनले कोन चांगलं म्हनस? मानूस मरेल शे."

"ते माले माहीत नही. जमनं, आसं कोन्ही म्हनं नही. मंग नही जमनं." त्याने फोन कानाला लावला.

चेतना काही बोलणार होती. नवनीतने हाताने थांबवलं. बोलून काय करणार? तोंडभर चव घेऊन गप्प राहणाऱ्या गावाची साक्ष कोण काढणार?

एवढ्यात हात धुऊन धनसिंग आबा काठी टेकत आले. वय शहाऐंशी, आप्पांचे साठ वर्षांचे भांडणसोबती. त्यांनी नवनीतला आपादमस्तक न्याहाळलं.

"नवनीत, मन्हा तेरावाले कोन रांधी?"

"आबा, आसं काय बोलतस!"

"इचारी ऱ्हायनू. पोऱ्यास्ना भरोसा नही, त्या भलतंच काही खावाडतीन. तू हाईच भट्टी आन. तारीख मातर आते सांगता येवाव नही."

मागे उभ्या म्हाताऱ्यांमध्ये चुळबुळ झाली. एक म्हणाला, "मन्हंबी लिखी ठेव." दुसरा म्हणाला, "आबानं आधी व्हई का मन्हं, ते भगवान जाने, पन दोन्ही धर." अंगणात पाच मरणं नोंदली गेली आणि पाचही माणसं टुणटुणीत उभी होती.

ललितच्या फोनमधून भंगारवाल्याचं "हॅलो, हॅलो" येत राहिलं. ललितने तो हळूच बंद केला.

नोंदणी झाल्यावर सगळे निघाले. आबा मात्र वळले आणि रिकाम्या पंगतीत, उष्ट्या पत्रावळींच्या मधोमध, पुन्हा मांडी घालून बसले.

"आबा, काय ऱ्हायनं?"

"भरीत वाढ," आबा म्हणाले. "मन्हा तेरावाले माले खावाले भेटाव नही."