नऊ सेकंदांचं टोकन

आमच्या इमारतीची लिफ्ट तीन महिन्यांपासून चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये चिंतनमग्न अवस्थेत उभी आहे. आत्याचा पाय प्लास्टरमध्ये आणि आत्या सहाव्या मजल्यावर. प्लास्टर काढायला दवाखान्यात जायची तारीख ठरलेली. बाब गंभीर असल्याने सोसायटीच्या कमिटीने एकमताने ठराव केला, की दुरुस्तीचा निधी वाढवण्यात यावा. लिफ्ट दुरुस्त करण्यात यावी, असा नव्हे.

वाढवायचा कसा? तर क्रिप्टोचं, म्हणजे आभासी चलनाचं, नवं टोकन विक्रीला आलं की घ्यायचं आणि भाव चढला की विकायचं. कोणतं घ्यायचं? अध्यक्षांनी, म्हणजे माझ्या बाबांनी, निकष घालून दिला: विक्री जितकी लवकर संपेल तितकं टोकन दर्जेदार. "चांगला माल पडून राहत नाही," बाबा म्हणाले. सचिवकाका निवृत्त क्रीडाशिक्षक, त्यांनी स्टॉपवॉच काढलं. मानद कालमापक म्हणून माझी नेमणूक झाली. माझा अंगठा चपळ आहे, आणि घरात त्याचं हे पहिलंच कौतुक!

पहिल्या टोकनाची विक्री चाळीस दिवस चालली होती. नापास. दुसरं अकरा मिनिटांत संपलं. "उत्कृष्ट!" बाबा ओरडले. पण ते उत्कृष्ट आहे हे सिद्ध झालं, तेव्हा ते संपलेलं होतं.

"अरे, मग विक्री चालू असतानाच घे की!" आत्या म्हणाली.

"चालू असताना कसं कळणार ती किती वेळ चालणार? तूही ना, ताई!"

"आणि संपल्यावर कुठून घेणार?"

"तोच तर अभ्यासाचा विषय आहे."

तिसरं नऊ सेकंदांत संपलं. सचिवकाकांचे डोळे पाणावले. जे मिळालं नाही त्या टोकनाच्या अभिनंदनाचा ठराव झाला.

आमची कीर्ती पसरली असावी, कारण एका विक्रेत्याचा फोन आला. त्याच्या टोकनाची विक्री सुरू होण्याआधीच संपली होती. शून्य सेकंद! तरीही केवळ आमची कमिटी अभ्यासू म्हणून तो आम्हाला मागच्या दाराने आत घ्यायला तयार होता.

"बाबा, पण हे टोकन आहे कशाचं?"

"शून्य सेकंद, अगं! याहून काय सांगायचं राहिलं?"

"प्रश्न विचारू नकोस, बाळ," सचिवकाका कुजबुजले. "वेळ वाढेल, दर्जा घसरेल."

सगळा निधी पाठवला. त्यानंतर विक्रेत्याचा फोन बंद व्हायला चार सेकंद लागले. मी मोजले.

ठरल्या तारखेला आत्या एकेक पायरी बसत-सरकत सहा मजले उतरली. बाबा खाली घड्याळ धरून उभे.

"पन्नास मिनिटं, ताई? जिन्यातच काहीतरी खोट आहे."

"जिन्यात नाही रे, वरच्या मजल्यावर आहे. तुझ्या!" आत्या धापा टाकत म्हणाली.

मग चौकशी समिती बसली. अहवाल मी लिहिला आणि त्यात स्पष्ट लिहिलं, की लिफ्टचे पैसे अध्यक्षांच्या मूर्खपणामुळे बुडाले. बाबांनी तो उलटून पाहिला. "किती पानं? दीडच? झकास!" म्हणाले आणि सही ठोकली.

हसू नका. तुम्हीही वाचायला बसण्याआधी ही गोष्ट कशाबद्दल आहे ते नाही, किती लांब आहे तेच पाहिलं होतं.