मुन्सिफने घेतलेला तुकडा

जागा न बघता घेतली, यात आपलं काही चुकलं असं मुन्सिफला मुळीच वाटत नव्हतं. केरकेना बेट म्हणजे त्याच्या आजोबांचं गाव, विकणारी महबूबामावशी नात्यातली, आणि तिने फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं की बेटावर यापेक्षा चांगला तुकडा नाही. आणखी काय हवं? स्फाक्स शहरात बिनखिडकीच्या तळघरात संसार केलेल्या बायकोला, सालिहाला, त्याने शब्द दिला होता, म्हातारपणी डोळे उघडशील तर समोर समुद्र.

सकाळच्या बोटीने तो गवंडी आणि सिमेंट घेऊन उतरला. सालिहा पडदे घेऊन मागच्या बोटीने येणार होती. मावशीने त्याला काठावर नेलं आणि पाण्यात रोवलेल्या खजुराच्या झावळ्यांच्या कुंपणाकडे बोट दाखवलं. तिथपासून इथपर्यंत सगळं त्याचं.

मुन्सिफ विजार दुमडून, मापाची दोरी घेऊन आत शिरला. दुसरं टोक गवंड्याकडे. पाणी मांड्यांना लागलं तेव्हा तो थांबला.

"मावशी, जमीन कुठंय?"

"खाली आहे की."

मग बिचाऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. या बेटावर समुद्राचेही तुकडे असतात, बापाकडून मुलाकडे जातात, कुंपणात मासे आपणहून शिरतात. लहानपणी पाहिलेलं तो शहरात राहून साफ विसरला होता. चांगला तुकडा म्हटल्यावर मावशीच्या मनात जमीन येणंच शक्य नव्हतं. खारट मातीला इथे कुत्रंही विचारत नाही. जन्माची कमाई गेली, आता सालिहाला काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात सालिहा पडद्यांचं गाठोडं सावरत आलीच. घर कुठं बांधायचं, तिने विचारलं. मुन्सिफ दोरी धरून पाण्यातच उभा होता.

"हे काय, मी उभी आहे तिथंच बांधा," मावशी म्हणाली. "समुद्र घेणाऱ्याला समोरचा काठ जाळी वाळवायला मिळतोच. त्याचे वेगळे पैसे कोण घेतं?"

सालिहाने गाठोडं खाली ठेवलं आणि पाण्यातल्या कुंपणापर्यंत नजर नेली.

"लोकांचे नवरे समुद्राकाठी घर घेतात. माझ्या नवऱ्याने समुद्रच घेतला."

एवढं कौतुक मुन्सिफच्या वाट्याला लग्नानंतर पहिल्यांदाच येत होतं. ते परत करण्याइतका तो वेडा नव्हता.

"उद्या कुणी आपल्यासमोर माडी बांधली तर?" तो म्हणाला. "म्हणून समोरचंच घेऊन टाकलं."

"धन्य आहे तुमची. पण मग दोरी धरून पाण्यात कशाला शिरलात?"

गवंडी खाकरला.

"अंगण मोजत होतो," मुन्सिफ म्हणाला.