मधपाळांच्या गटाचं बारसं

नाव सुचवावं तर आम्हीच! आमच्या स्ट्रुमित्सा गावात दोन बेकऱ्या, एक केशकर्तनालय आणि माझ्या मेव्हण्याचं गाढव, सगळ्यांची बारशी मीच केलीत. त्यामुळे मधपाळ संघाचा ऑनलाइन गट काढायचं ठरलं, तेव्हा चिटणीस या नात्याने मीच पुढे सरसावलो.

"'मधमाश्यांची कीड आणि औषधं' असं साधं लिही," अध्यक्ष वांगेलकाका म्हणाले.

"काका, हे नाव आहे की दवाखान्याची पाटी? जरा आपलेपणा हवा!" असं म्हणून मी ऐटीत नाव ठेवलं, 'हिवाळ्याची तयारी'.

आठवड्यात चौदाशे सभासद! संघात आम्ही जेमतेम एकतीस. मी असा फुगलो म्हणता! ऐन सप्टेंबरात आमच्याकडे घरोघरी लाल ढोबळ्या मिरच्या भाजून हिवाळ्याची बेगमी म्हणून वर्षभराचा अयवार, म्हणजे मिरच्यांची चटणी, बरण्यांत भरतात, हे काही त्या आनंदात माझ्या ध्यानात आलं नाही.

इकडे वांगेलकाकांवर खरंच संकट आलं. त्यांनी गटावर लिहिलं, "माझ्या चाळीसच्या चाळीस पेट्यांत कीड शिरलीय. थंडीच्या आत काय करू?" आता मधपाळांच्या गटात 'माश्या' वेगळं कशाला लिहायचं, तुम्हीच सांगा!

उत्तर लगेच आलं. बाजारामागच्या कोस्तादिन्कामावशींचं. "किडक्या फेकून द्या. बाकीच्या भाजा, सालं सुटेपर्यंत! मग गरम असतानाच झाकून ठेवा."

काकांचा फोन खणखणला. "चिटणीस! माझी लेकरं भाजायला सांगतायत रे ही माणसं! वीस वर्षांची मेहनत आहे माझी. माश्या गेल्या तर मी जगून काय करू?"

पशुवैद्य ल्युप्काबाईंनी खरं उत्तर दिलं होतं म्हणे, पण ते मिरच्यांच्या नऊशे फोटोंखाली गाडलं गेलेलं. मला काही सापडेना. घाम फुटला! शेवटी मी गटाचं नावच बदलून टाकलं, 'कीड आणि औषधं'. म्हटलं, मिरचीवाले आपोआप पळतील.

कसले पळतायत! दहा मिनिटांत मावशी दारात हजर, हातात मिरच्या उलटायचा चिमटा!

"माझ्या बरण्यांच्या फोटोवर 'कीड' लिहितोस? स्कोप्येहून सुनेचा फोन आला, सासूबाई, यंदा अयवार नको!"

"मावशी, ते माश्यांचं होतं..."

"ठाऊक आहे! ल्युप्काचं उत्तर वाचलंय मी. मी सगळं वाचते, तुझ्यासारखी नाही. आत्ताच वांगेलला औषध किती, कधी, सगळं समजावून आले."

काकांच्या पेट्या वाचल्या. माझा जीव भांड्यात पडला, पण गट मात्र मावशींच्या हवाली करावा लागला. काकांनी मधपाळांसाठी नवा गट काढला, 'स्ट्रुमित्सा: मधमाश्यांची कीड आणि औषधं'. भलतंच कुणी आत शिरू नये म्हणून प्रवेशाला एकच प्रश्न ठेवला, "ल्युप्काबाईंनी कोणतं औषध सांगितलं?"

मी दोनदा उत्तर पाठवलं. दोन्ही वेळा चुकलं. अहो, चिटणीस आहे मी!